गेमिंग लॅपटॉपची पारख

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी बैलबाजारात जातो, तेव्हा तो शिंगांना लावलेला हिंगूळ किंवा पाठीवरील झूल पाहून बैल घेत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. खूर उचलून पाहतो. चार पावले चालवून त्याची चाल पाहतो. बैल दोनदाती आहे की जुळलेला आहे, काळ्या भारी जमिनीत तो नांगर ओढील की नाही, हे त्याला तेवढ्यावरून समजते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्याची नजर तयार झालेली असते.

पण त्याच शेतकऱ्याच्या मुलीला शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि ती म्हणते, "बाबा, मला लॅपटॉप हवा, अभ्यासही होईल आणि खेळही खेळता येतील असा." मग मात्र हा जाणता माणूस गोंधळून जातो. दुकानात यंत्रे ओळीने मांडलेली असतात. एकाच्या कळांमधून तांबडा-निळा प्रकाश झगमगतो, तर दुसऱ्याच्या पाठीवर उग्र चिन्ह कोरलेले असते. किमती पन्नास-साठ हजारांपासून लाखाच्याही पुढे जातात. बैलाचे दात पाहता येतात. यंत्राचे दात कोठे पाहावयाचे?

खेळासाठी निराळा लॅपटॉप कशाला लागतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. लॅपटॉपचा सामान्य पडदा आडवा १,९२० आणि उभा १,०८० सूक्ष्म ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला, तर एकंदर २०,७३,६०० ठिपके होतात. पाठ वाचताना किंवा निबंध लिहिताना पडद्यावरील चित्र बराच वेळ स्थिर असते. खेळात मात्र मोटार धावते, चेंडू उसळतो, सावल्या सरकतात. ही हालचाल डोळ्यांना अखंड दिसावी म्हणून सेकंदाला साधारणतः ६० चित्रे नव्याने काढावी लागतात. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे!

हे काम एकट्या प्रोसेसरला झेपत नाही. प्रोसेसर हा गणितात निष्णात असलेल्या शिक्षकासारखा असतो. अवघड उदाहरण तो चुटकीसरशी सोडवितो; परंतु लाखो सोप्या बेरजा पुढ्यात टाकल्या, तर तोही मागे पडेल. त्याऐवजी हजारो मुलांना एकेक बेरीज वाटून दिली, तर काम क्षणात उरकेल. ग्राफिक्स चिप ही अशीच हजारो मुलांची शाळा होय. खेळाच्या लॅपटॉपमध्ये ही चिप स्वतंत्र असते आणि त्याची बरीचशी किंमत तिच्यामुळेच वाढते. याच चिपा आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठीही वापरल्या जातात.

तेव्हा पहिला दात येथे पाहावयाचा. चिपचे केवळ नाव वाचून भागत नाही. तिला किती वॅट शक्ती मिळते, हेही विचारावे लागते. २०२३ साली बाजारात आलेल्या 'आरटीएक्स ४०५०' या लॅपटॉपच्या चिपसाठी निर्मात्याने ठरविलेली मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत आहे. नाव एकच, पण एका यंत्रात ती अर्धपोटी राबते, तर दुसऱ्यात पोटभर खाऊन. खोक्यावरील मोठ्या अक्षरांत हा भेद दिसत नाही. कंपनीने दिलेल्या तपशिलात मात्र तो बहुधा सापडतो. चिपची स्वतःची स्मृतीही पाहावी. ४ जीबी स्मृती पुष्कळशा नव्या खेळांना अपुरी पडते. ६ किंवा ८ जीबी असल्यास यंत्र अधिक वर्षे उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट जोडीची. जुवाला एक दांडगा आणि एक अशक्त बैल जुंपला, तर औत अशक्त बैलाच्याच चालीने चालते. चिप उत्तम आणि रॅम अपुरी, अशी यंत्राची स्थिती असली, तर पैसे वाया जातात. आज अशा लॅपटॉपला १६ जीबी रॅम असावी. तेवढे पैसे हाताशी नसतील, तर ८ जीबीचे यंत्र घ्यावे. मात्र रॅमसाठी आत एक खाच रिकामी आहे ना, याची खात्री करून घ्यावी. मग पुढे रॅम वाढविता येते. साठवणुकीसाठी एसएसडी असावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने माहिती फार जलद मिळते. काही मोठे खेळ १०० जीबीहून अधिक जागा व्यापतात, म्हणून ५१२ जीबीपेक्षा कमी साठवण घेऊ नये. पडदा सेकंदाला १४४ चित्रे दाखविणारा असला, तरी चिप ६०च चित्रे काढीत असेल, तर अधिक वेगाचा लाभ मिळत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या गावच्या हवामानाची. लॅपटॉप जेथे तयार होतो, तेथील थंड खोली वेगळी आणि खामगाव-मलकापूरचा वैशाख वेगळा. येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. खेळताना यंत्राच्या आतील भाग अतिशय तापतात आणि ठराविक मर्यादा आली, की इजा टाळण्यासाठी यंत्र स्वतःच आपला वेग कमी करते. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. म्हणून गोधडीवर ठेवून खेळणे म्हणजे त्याचे नाक दाबणे होय. कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडतात. धुळीबरोबर ते पंख्यात अडकतात. वेळोवेळी सफाई करून घेतली, तरच पंखे नीट चालतात.

विजेचा हिशेबही करून पाहावा. समजा, बॅटरी ६० वॅट-तासांची आहे आणि खेळताना यंत्राला १२० वॅट लागतात. ६० भागिले १२०, म्हणजे अवघा अर्धा तास! म्हणूनच अशी बहुतेक यंत्रे बॅटरीवर चालताना आपली शक्ती आपोआप घटवितात. ज्या गावी वीज वारंवार जाते, तेथे खेळाचा लॅपटॉप बराच वेळ मुका बसेल, हे आधीच ध्यानी घ्यावे.

आता पैशांचा विचार. महाविद्यालये सुरू होतात, त्याच सुमारास पेरणीचे दिवस असतात. घरातील रोकड बियाण्यांत आणि खतांत गेलेली असते. अशा वेळी हप्त्यांचा मोह पडतो. समजा, ६०,००० रुपयांचा लॅपटॉप दरमहा ५,६०० रुपयांच्या १२ हप्त्यांवर घेतला, तर एकूण ६७,२०० रुपये द्यावे लागतात. वरचे ७,२०० रुपये कशाचे, हे सही करण्यापूर्वी विचारले पाहिजे. त्यापेक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर काही महिने काम भागविले, तर दिवाळीपर्यंत सोयाबीन घरी येते आणि दुकानांतून सवलतीही मिळू लागतात. हातची सगळी रक्कमही यंत्रावर घालवू नये. माऊस, पिशवी आणि पुढेमागे वाढवावयाची रॅम यांसाठी काही शिल्लक ठेवावी.

पक्के बिल आणि हमीपत्र घेतल्याशिवाय दुकानातून पाऊल बाहेर टाकू नये. बिल नसलेले यंत्र स्वस्त मिळते खरे; पण ते बिघडल्यावर दाद मागणे कठीण होते. बिल असले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाच्या पाठीशी उभा राहतो आणि १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

सर्वांत शेवटी, किंबहुना सर्वांत आधी, विद्यार्थ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: या यंत्राकडून मला कोणते काम घ्यावयाचे आहे? लेखन, वाचन आणि साधे प्रोग्रामिंग यांना स्वतंत्र ग्राफिक्स चिप लागत नाही. त्रिमिती आराखडे, चित्रपटांचे संकलन किंवा खेळांचीच निर्मिती शिकावयाची असेल, तर ती उपयोगी पडते. निव्वळ करमणुकीसाठी ती हवी असेल, तर तेही मोकळेपणाने घरी सांगावे. खेळणे हा काही अपराध नव्हे. परंतु 'अभ्यासासाठी' असे सांगून वडिलांकडून दुप्पट किंमत घेणे योग्य नव्हे. कारण त्या रकमेत एका खरीप हंगामाचा घाम मिसळलेला असतो.

ज्या घरात बैल पारखून घेतला जातो, त्या घरातील मुलांना यंत्र पारखणे अवघड नाही. दुकानात जाण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहाव्यात: काम कोणते, चिपचे वॅट किती, रॅम किती, आणि एकूण पैसे किती. मग विक्रेत्याने कितीही झगमगाट दाखविला, तरी नजर त्या कागदावरून ढळू देऊ नये.