बुरशीचे रोग आणि रक्ताची साक्ष

2021 साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, म्हणजेच लोकांनी ‘काळी बुरशी’ म्हटलेल्या रोगाने, महाराष्ट्रात अनेक मधुमेही रुग्णांची दृष्टी हिरावली. कित्येकांचे प्राणही घेतले. अशा रोगात रक्ततपासणीवर कितपत विसंबावे? कॅन्डिडा व ॲस्परजिलस या बुरशींच्या पेशीभित्तिकेतील बीटा-डी-ग्लुकान हे द्रव्य रक्तात उतरते. त्यावरून रोगाचा माग लागतो. परंतु शस्त्रक्रियेतील सुती पट्ट्यांमुळेही ते वाढलेले आढळू शकते. म्युकर जातीच्या भित्तिकेत तर ते इतके अल्प असते की, रोग बळावला असूनही तपासणी त्याचा पत्ता देत नाही. म्हणून गाल सुजला, नाकातून काळसर स्राव आला, तर रक्ताच्या निर्दोष अहवालावर न थांबता नाकातील ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे अगत्याचे होय. येथे विलंब घातक ठरतो.