विजेच्या सायकलीचा वेग कुठे अडतो?
चाकाच्या हबमध्ये मोटर असलेली सायकल सपाट रस्त्यावरही एका वेगापुढे जात नाही. असे का? फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. वेग वाढतो तसा तिच्यात विरुद्ध दिशेचा विद्युतदाब वाढतो. तो बॅटरीच्या दाबाजवळ पोचला, की प्रवाह घटतो आणि जोर ओसरतो.

३६ ऐवजी ४८ व्होल्टची बॅटरी जोडली (आणि कंट्रोलरला ती सोसली), तर अधांतरी चाक सुमारे एक तृतीयांश जास्त वेगाने फिरेल. रस्त्यावर मात्र एवढी वाढ मिळत नाही. हवेचा विरोध मोडायला वेग दुप्पट झाल्यास आठपट शक्ती लागते. जादा प्रवाहाने गुंडाळी तापते. ब्रेक तर जुनेच!

वर्गात खेळण्यातल्या मोटरला व्होल्टमीटर जोडून तिचा दांडा हाताने फिरवू या. बॅटरीशिवाय काटा का हलला, हे मुलांनाच विचारू या.