तू कोण?

लहानपणी आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगात येई. त्या घुमू लागल्या की वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारीत, "तू कोण?" नाव कळले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. त्या भरात काकू सासूबाईंना वाटेल ते बोलत. पण दुसऱ्या दिवशी त्याचा जाब कोणी विचारीत नसे. बोलणाऱ्या त्या नव्हत्याच ना!

एका देहात दुसरी जाणीव शिरणे ही कल्पना आपल्या वाङ्मयाला जुनीच आहे. 'भगवदज्जुकम्' या संस्कृत प्रहसनात यमदूत चुकून भलत्याच गणिकेचा प्राण नेतो. शिष्याला योगसामर्थ्य दाखवण्यासाठी एक संन्यासी तिच्या देहात शिरतो. चूक सुधारायला परतलेला यमदूत तिचा देह व्यापलेला पाहून तिचा प्राण संन्याशाच्या देहात घालतो. मग गणिका अध्यात्म सांगू लागते आणि संन्यासी नखरे करू लागतो! देह कोणाचाही असो, आतला 'मी' लपत नाही, हा या विनोदाचा पाया.

विसाव्या शतकातील विज्ञानकथेने हा पायाच काढून घेतला. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'द पपेट मास्टर्स' (१९५१) या कादंबरीत शनीच्या टायटन या उपग्रहावरून आलेले बुळबुळीत जीव माणसांच्या पाठीला चिकटतात व त्यांच्या मनाचा ताबा घेतात. माणूस नेहमीसारखाच वागतो, बोलतो. खात्री करायची तर सदरा उतरवावा लागतो. निवेदक स्वतः त्यांच्या तावडीत सापडतो, तेव्हाही हकिकत 'मी' म्हणूनच सांगतो. म्हणजे 'तू कोण?' या प्रश्नाच्या उत्तरावर आता विसंबता येत नाही.

रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांची 'पॅसेंजर्स' (१९६८) ही कथा मात्र मला अधिक बोचते. तिच्यात अदृश्य परके जीव माणसांवर काही काळ स्वार होतात आणि निघून जातात. त्या अवस्थेत घडलेल्या गोष्टींविषयी पुढे अवाक्षर काढायचे नाही, असा समाजाचा संकेत आहे. नायकाला त्या काळात सहवासात आलेली स्त्री आठवते आणि संकेत मोडून तो तिला गाठतो. येथे मला प्रश्न पडतो : तिच्याविषयीची ओढ त्याची, की त्या स्वाराची मागे उरलेली?

अशा कथांकडे केवळ भयकथा म्हणून पाहू नये, असे मला वाटते. आपल्या कृतीचा धनी कोण, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. आमच्या वाड्याने या प्रश्नाचे उत्तर सोयीने ठरवून टाकले होते. काकू घुमत असताना "तू कोण, तुला काय हवे?" असे सगळे हात जोडून विचारीत. त्या शुद्धीवर असताना हे विचारल्याचे मला एकदाही आठवत नाही.