धोट्याच्या छिद्रातून दिसणारा समाज

यंत्र आधी येते आणि समाज त्याच्या मागून फरफटत जातो, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की तो एक सिद्धांत आहे याचे भानही राहत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये तो मांडला: यंत्रे पुढे धावतात, कायदे आणि रूढी मागे रेंगाळतात आणि या अंतरात समाजाची ओढाताण होते. पुढे १९६२ मध्ये लिन व्हाइट यांनी तर युरोपातल्या सरंजामशाहीचा उगम घोड्याच्या रिकिबीत शोधला.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वरवर या मताला दुजोरा देतो. विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला थांबणारे काम रात्रीपर्यंत लांबले. १९०५ मध्ये कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पण दिवे तेच असताना १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. कामाचे तास विजेने ठरवले नव्हते. ते मालक, कामगार आणि सरकार यांच्या झगड्यात ठरत होते.

विज्ञानाकडेही असेच उलट्या बाजूने पाहिले गेले. १९३१ मध्ये लंडनच्या विज्ञान-इतिहास परिषदेत बोरिस हेसेन यांनी न्यूटनच्या ग्रंथाची मुळे जहाजवाहतूक, खाणी आणि युद्ध यांच्या गरजांत दाखवली. १९७६ मध्ये एडिंबराच्या डेव्हिड ब्लूर यांनी आग्रह धरला की खोट्या ठरलेल्या समजुतींची जशी सामाजिक कारणे शोधतो, तशीच खऱ्या ठरलेल्या ज्ञानाचीही शोधावीत. पुष्कळांना हा विज्ञानावरचा हल्ला वाटला. मला तो प्रामाणिकपणाचा आग्रह वाटतो.

१९८४ मध्ये ट्रेव्हर पिंच आणि विबे बायकर यांनी हाच आग्रह सायकलीला लावला. हवेचा टायर काहींना हादरे कमी करण्याचा उपाय वाटला, तर शर्यतवाल्यांना आधी अनावश्यक सोंग वाटले. त्या टायरवर शर्यती जिंकल्या जाऊ लागल्या, तेव्हा तोच वेगाचे साधन ठरला. एका वस्तूचे वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे अर्थ असतात, आणि कोणता टिकेल हे त्या गटांच्या व्यवहारात ठरते.

जगभर हा सिद्धांत सायकलीवरून शिकवला जातो. आपल्याकडे तो गिरणीतल्या धोट्यावरून शिकवायला हवा. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर माग थांबवून धोट्यात नवी कांडी घाली. मग धोट्याच्या बारीक छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढी, की सुताचे टोक बाहेर येई. दिवसभरात हे कितीदा तरी करावे लागे, आणि एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. मॅसॅच्युसेट्समध्ये याकडे रोगाचा धोका म्हणून पाहिले गेले आणि १९११ मध्ये असे धोटे कायद्याने बंद झाले. मुंबईत त्याच छिद्राचा अर्थ विटाळ असा लागला. सवर्ण विणकरांनी अस्पृश्यांसोबत काम करायला नकार दिला आणि जास्त मजुरीचे विणाई खाते दलित कामगारांना बंद राहिले. त्यांना कताई खात्यातली कमी पगाराची कामे उरली.

१९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा दलितांचा हक्क मान्य करा, नाहीतर मी त्यांना संपापासून दूर राहायला सांगेन, अशी त्यांची भूमिका होती. पुढाऱ्यांनी नाखुशीने ही मागणी यादीत घातली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही.

लँग्डन विनर यांनी १९८० मध्ये विचारले होते की वस्तूंनाही राजकारण असते का. त्यांनी दिलेला न्यूयॉर्कजवळच्या बुटक्या पुलांचा दाखला पुढे वादग्रस्त ठरला, पण प्रश्न खणखणीत आहे. धोटा घडवणाऱ्याच्या मनात जात नव्हती. तरीही मुंबईत त्या छिद्राने जातीला गिरणीत उभे राहायला जागा दिली, आणि जातीने त्या छिद्राला मजुरीचा दर ठरवण्याची ताकद दिली. वस्तू आणि समाज एकमेकांना घडवतात, याला शीला जॅसनॉफ सहनिर्मिती म्हणतात; ती मला इथे स्पष्ट दिसते. ब्रुनो लातूर माणसे आणि वस्तू यांना एकाच जाळ्यात बसवतात. ते उपयोगी आहे, पण त्या जाळ्यात कोणाला जागाच मिळाली नाही, हा प्रश्न त्यात सहज निसटतो.

तोंड न लावता सूत ओवता येणारे धोटे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच स्वयंचलित मागांसोबत अमेरिकेत निघाले होते. मुंबईत मजूर स्वस्त होता, त्यामुळे जुने माग चालत राहिले. गटारांचेही तसेच आहे. गाळ उपसणारी यंत्रे आहेत, हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारे १९९३ आणि २०१३ चे कायदे आहेत, तरीही माणसे मॅनहोलमध्ये उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. त्या कामासाठी ठरावीक जातींची माणसे अजून कमी पैशांत मिळतात, म्हणून यंत्र विकत घेण्याची घाई कोणालाच नाही.