वरोरा : रूळ आले, भट्ट्या विझल्या

नागपूरहून चंद्रपूरकडे निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर वरोरा लागते. दिल्ली-चेन्नई या मुख्य लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. बहुतेकांना ते बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे ठाऊक असते आणि तिथे जाणाऱ्यांची पावले स्टेशनातून थेट आनंदवनाकडे वळतात. पण या स्टेशनालाही स्वतःचा इतिहास आहे. विदर्भाच्या कोळशाचा, चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोखंडाचा आणि महाराष्ट्राच्या हातून निसटलेल्या एका पोलाद कारखान्याचा तो इतिहास आहे.

मुंबई ते ठाणे पहिली गाडी १८५३ मध्ये धावली आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. गाड्यांना कोळसा हवा होता. वर्धा नदीच्या खोऱ्यात तो सापडल्यावर सरकारने १८७१ मध्ये वरोऱ्याला स्वतःची खाण सुरू केली. हा कोळसा मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा टाकण्यात आला. १८७७ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. वाटेतला सगळा प्रदेश कापसाचा. त्यामुळे कोळशाबरोबर कापसाच्या गाठीही मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या. त्याच वर्षी १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती. हा योगायोग पुढे महत्त्वाचा ठरला.

वरोऱ्याच्या पूर्वेला, चंद्रपूर ओलांडून सिंदेवाहीच्या बाजूला लोहारा आणि पिंपळगाव परिसरात लोहखनिजाच्या टेकड्या आहेत. साठ टक्क्यांहून अधिक लोह असलेले हे खनिज देशातल्या उत्तम खनिजांत गणले गेले. या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या ते वितळवत आले होते. मातीची उभी भट्टी, जंगलातला लोणारी कोळसा आणि कातड्याचा भाता एवढीच सामग्री. भट्टीत खनिजाचे आणि कोळशाचे थर द्यायचे, तासन्‌तास भाता हलवायचा, लोहकीट बाहेर काढायचे आणि तळाशी जमलेला लोखंडाचा लालबुंद गोळा घणाखाली ठोकून शुद्ध करायचा. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, बैलगाडीच्या चाकाची धाव, सगळे याच लोखंडाचे. ते मऊ आणि चिवट असे.

रेल्वेसारखे गिऱ्हाईक दाराशी आल्यावर हा धंदा वाढायला हवा होता. रूळ, पूल, वाघिणी, इंजिने, रेल्वेला लागते ते सगळे लोखंडच. प्रत्यक्षात उलटे झाले. हे सगळे सामान इंग्लंडहून जहाजाने मुंबईत उतरत होते. रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना भारत सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. तूट आली तर ती इथल्या करातून भरून निघे आणि मागणी मात्र तिकडच्या कारखान्यांना मिळे. त्याच रुळांवरून इंग्रजी लोखंडाच्या पट्ट्या आणि सळया आतल्या बाजारपेठांपर्यंत स्वस्तात येऊ लागल्या. गावच्या लोहाराला भट्टीतल्या लोखंडापेक्षा ही तयार पट्टी परवडू लागली. दुसरीकडे १८७८ च्या कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि लोणारी कोळसा महागला. भट्टी चालवणाऱ्याची बाजारपेठही गेली आणि इंधनही गेले. लोहार उरले, पण लोखंड वितळवणारे संपत गेले.

हे त्या काळी कुणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. गणेश व्यंकटेश जोशी यांनी १८८० च्या दशकातच मांडले होते की रेल्वेवरचा खर्च म्हणजे भारताने इंग्लंडच्या उद्योगांना दिलेले अनुदान समजावे. न्यायमूर्ती रानडे यांनी लोखंड उद्योगाच्या सुरुवातीच्या प्रयत्नांवर स्वतंत्र निबंध लिहिला. अशा उद्योगाच्या पाठीशी सरकारने उभे राहिले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

चांद्याला संधी मात्र एकदा येऊन गेली. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या युरोपीय तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंड उद्योगाच्या शक्यतेविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याचा कोळसा त्यापासून फार लांब नाही, हे त्यातून पुढे आले. तो जमशेटजींच्या वाचनात आला आणि भारतात पोलाद करायचे हा विचार त्यांच्या मनात इथून पक्का झाला. अडचणी दोन निघाल्या. वरोऱ्याचा कोळसा तपासणीत पोलादाच्या भट्टीसाठी योग्य ठरला नाही. शिवाय खनिज शोधण्याच्या परवान्याच्या सरकारी अटी इतक्या जाचक होत्या की कोणी भांडवल घालावे अशी परिस्थिती नव्हती. बेत सुमारे सतरा वर्षे पडून राहिला.

१८९९ मध्ये नियम सैल झाल्यावर जमशेटजी पुन्हा कामाला लागले. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथल्या चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याने आपला सहकारी सी. एम. वेल्ड याला भारतात पाठवले. वेल्ड, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याची जंगले पालथी घातली. हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार म्हणून गाजले. चांद्यात खनिज चांगले होते, पण मोठा कारखाना चालेल इतका साठा आणि योग्य कोळसा एका जागी मिळेना. नाद सोडल्याचे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. तिथल्या वस्तुसंग्रहालयात त्यांना भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या कामावर आधारलेला नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्ह्यातले लोहखनिज दाखवले होते. शोध पूर्वेकडे सरकला आणि बोस यांच्याच पत्रामुळे मयूरभंजपर्यंत गेला. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिले पोलाद निघाले. वरोऱ्याची खाण १९०६ मध्येच बंद झाली होती. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेट जोडमार्ग पुरा झाल्यावर वरोरा उत्तर-दक्षिण मुख्य मार्गावर आले. गाड्या वाढल्या, पण लोखंडाचा धंदा परत आला नाही.

कोळसा मात्र संपला नाही. वरोरा आणि भद्रावती तालुक्यांत आज वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत आणि मालगाड्यांची वर्दळ सुरूच असते. लोखंडाचा प्रश्नही नव्याने उभा राहिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडच्या टेकड्यांवरून लॉयड्स मेटल्स लोहखनिज काढते. ते बऱ्याच अंशी ट्रकने येत राहिले आणि त्या ट्रकांनी रस्त्यांची केलेली दैना तिथल्या गावांनी सोसली. घुग्घुसला स्पंज आयर्नचा कारखाना आहे, कोनसरीला नवा प्रकल्प उभा राहिला आहे आणि वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम हाती घेतलेले आहे. दीडशे वर्षांपूर्वी वरोऱ्यात जुळले होते तेच तीन घटक, खनिज, कोळसा आणि रूळ, पुन्हा जवळ येत आहेत.

या वेळी काय व्हावे, याचा धडा महाराष्ट्रातच नीरा खोऱ्यात आहे. बारामती तालुक्यात सोमेश्वरनगरला ऊस शिवारातून थेट शेतकऱ्यांच्याच सहकारी कारखान्यात जातो. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्याच्या आधाराने यंत्रे घडवणारा उद्योग वाढला. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवता बनवता तिथे अवकाश मोहिमांच्या अग्निबाणांचे भाग तयार होऊ लागले. कच्चा माल जिथे पिकला, तिथेच त्यावर प्रक्रिया झाली, कारागीर घडले, तरुणांना काम मिळाले. चांद्याच्या वाट्याला हे आले नाही. तिथला कोळसा गेला, कापूस गेला आणि भट्टीपाशी पिढ्यांनी जमवलेले ज्ञान कुठल्याही शाळेत न नोंदता नाहीसे झाले.

म्हणून वरोऱ्याला जाणाऱ्याने आनंदवन तर पाहावेच. बाबांनी १९४९ पासून खडकाळ जमिनीवर, समाजाने टाकलेल्या माणसांच्या हातांतून उद्योग उभे केले. हातांना काम आणि कौशल्य मिळाले की ओसाड जागाही पिकते, हे तिथे डोळ्यांनी दिसते. त्याच फेरीत अर्धा तास स्टेशनावरही थांबावे आणि जाणाऱ्या मालगाड्यांत काय भरले आहे ते पाहावे. सुरजागडच्या खनिजाचे पोलाद गडचिरोलीत झाले, ते करणाऱ्यांत तिथली आदिवासी मुले अभियंते आणि कारागीर म्हणून असली आणि टेकड्यांबाबतचा निर्णय तिथल्या ग्रामसभांना विचारून झाला, तरच नवा रूळ त्या जिल्ह्याच्या कामी आला असे म्हणता येईल. नुसते डबे भरून बाहेर जात राहिले, तर वरोऱ्यात १८७७ मध्ये जे सुरू झाले तेच आपण आपल्या हातांनी पुन्हा करू, आणि या वेळी दोष द्यायला परके सरकारही नसेल.