चामड्याची बदनामी आकड्यांनीच पुसता येईल

चामड्याचा धंदा म्हणजे घाण, प्रदूषण, असे सरसकट बोलले जाते. आपल्याकडे हा शिक्का धंद्यापुरता राहत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या माणसांवर बसतो. तो पुसायला जाहिराती पुरणार नाहीत. विज्ञान आणि खरी आकडेवारी लागेल, असे आम्हाला वाटते.

नुकसान कुठे होते?

एक किलो कच्चे कातडे कमावायला साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागते. जगातील बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. त्यातील त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने कमी घातक असते. पण प्रक्रियेत किंवा साठवणुकीत चूक झाली, तर त्याचे षट्संयुजी क्रोमियम बनू शकते आणि ते कॅन्सरकारक आहे. म्हणून युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे.

तमिळनाडूत वेल्लोर परिसरातील टॅनऱ्यांच्या सांडपाण्याने पालार नदी नासली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथे 'प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी' हे तत्त्व लागू केले. हे सत्य झाकून कोणतीही प्रतिमा उजळणार नाही.

मोजायचे कसे?

वस्तू तयार होण्यापासून ती फेकली जाईपर्यंत किती पाणी, ऊर्जा, रसायने लागली, हे मोजण्याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. यात मोठा वाद वाटणीचा आहे. जनावर मुख्यतः दूध-मांसासाठी पाळले जाते. मग त्याच्या चाऱ्याचा आणि मिथेनचा किती भार कातड्यावर टाकायचा? हा वाटा बदलला की निकालही बदलतो. शिवाय चप्पल किती वर्षे टिकते, दुरुस्त होते का, हेही धरायला हवे. 'व्हीगन लेदर' म्हणून विकला जाणारा बराचसा माल शेवटी प्लॅस्टिकच असतो.

कोल्हापुरीची संधी

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. पारंपरिक पद्धतीत हे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, क्रोमियम लागत नाही. ही जमेची बाजू आहे. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे नाही. चुना आणि सालीचा अर्क मिसळलेले सांडपाणी तसेच ओढ्यात सोडले, तर तेही पाणी बिघडवते. म्हणून पाणी किती लागले, सांडपाण्यात काय उतरले, याची तपासणी आणि नोंद झाली पाहिजे. घरी काम करणाऱ्या कारागिराला हा खर्च झेपणार नाही. तो चर्मोद्योग महामंडळाने उचलावा आणि चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे ज्ञान गावातल्या कारागिरापर्यंत पोहोचवावे.

माणसांचेही आकडे हवेत

केस काढायला वापरलेल्या सोडियम सल्फाइडमध्ये आम्ल मिसळले, तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेल्या कामगाराचा त्याने काही क्षणांत जीव जाऊ शकतो. असे मृत्यू, त्वचारोग, दमा, मजुरी यांची नोंद नसेल, तर 'पर्यावरणस्नेही' या लेबलला आमच्या लेखी किंमत नाही. नदी स्वच्छ हवीच, पण टाकीत उतरणाऱ्याचा जीवही त्याच तक्त्यात मोजला गेला पाहिजे. आपल्या संघटनांनी ही मागणी आता लावून धरावी.