घरी बनवलेली ई-सायकल टेकडीवर न्यायची? आधी हे समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : सुट्टी लागली की आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक नवीन दृश्य दिसतं. कुणाची तरी जुनी गिअरची सायकल, मागच्या चाकात मोटर, मधल्या दांड्याला टेपने गुंडाळलेली बॅटरी, आणि भोवती दहा-बारा पोरांचा घोळका. ईदीचे पैसे साठवून, ऑनलाइन किट मागवून आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून ही मुलं ई-सायकल तयार करतात. जुम्म्याची नमाज झाली की ती सायकल गोगाबाबा टेकडीकडे किंवा सातारा-देवळाईच्या डोंगराकडे निघते.

आम्हीही चार मित्रांनी मिळून अशी एक सायकल बनवली, दोनदा बिघडवली आणि तिसऱ्यांदा नीट केली. त्या अनुभवातून एक गोष्ट कळली. सायकल चालू करणं सोपं आहे, ती कच्च्या रस्त्यावर सुरक्षित चालवणं आणि रात्री घरात सुरक्षित ठेवणं अवघड आहे. म्हणून हा लेख पोरांसाठी आहे, आणि तितकाच त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठीही.

सायकलमध्ये नेमकं काय बसवतात?

चार वस्तू मुख्य असतात. चाकाच्या मध्यभागी बसणारी हब मोटर, तिला वीज देणारी बॅटरी, किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर, आणि हँडलवरचा थ्रॉटल किंवा पायडलजवळचा सेन्सर.

आमची मोटर 36 व्होल्ट, 250 वॅटची आहे. बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की 360 वॅट-अवर येतात, म्हणजे टाकीत किती 'पेट्रोल' आहे ते कळतं. सपाट डांबरी रस्त्यावर पायडल मारत गेलो तर एका किलोमीटरला साधारण 10 ते 15 वॅट-अवर लागतात. मुरूम, दगड आणि चढ असला की हाच खर्च दीडपट-दुप्पट होतो. म्हणून विक्रेता 35 किलोमीटर सांगत असेल, तर डोंगराकडे जाताना आपण 15-18 च धरावेत. निम्मी बॅटरी संपायच्या आत परत फिरायचं, हा आमचा नियम. बंद पडलेली 25 किलोची सायकल ढकलत घरी आणली की हा नियम आपोआप पाठ होतो.

चढावर मोटर का तापते?

हिशोब साधा आहे. सायकल आणि स्वार मिळून 100 किलो धरा. दर 100 मीटरला 10 मीटर चढणारी वाट आहे आणि वेग ताशी 10 किलोमीटर आहे. एवढं वजन नुसतं वर उचलायलाच सुमारे 270 वॅट लागतात. मुरमात चाक रुततं त्याची ताकद वेगळी. म्हणजे 250 वॅटची मोटर एकटी हे काम करू शकत नाही. उरलेलं काम तुमच्या पायांनी करायचं असतं.

पोरं इथेच चुकतात. पायडल सोडून देतात आणि थ्रॉटल पूर्ण पिळून धरतात. चाक हळू फिरत असताना हब मोटरला दिलेल्या विजेचा मोठा भाग चाक फिरवण्याऐवजी तारा तापवण्यात जातो. छोट्या गिअरवाल्या हब मोटरच्या आत नायलॉनचे दाते असतात, ते उष्णतेने मऊ होऊन झिजतात. आमची पहिली मोटर अशीच गेली. एप्रिलच्या दुपारी, चाळीस डिग्रीच्या उन्हात, आम्ही तिला सलग चढ चढायला लावला होता.

उपाय असा : चढाच्या आधीच हलका गिअर टाका, पायडल मारत राहा, आणि दर काही मिनिटांनी थांबून मोटरला हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर सावलीत थांबा. नेहमीच डोंगरात जायचं असेल तर पायडलच्या जागी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर जास्त चांगली, कारण ती सायकलच्याच गिअरमधून ताकद देते. पण ती महाग असते, आणि चेन व फ्रीव्हील लवकर झिजवते.

दहा मिनिटांचं काम, जे कुणी करत नाही

हब मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा ॲक्सल तितक्याच जोराने उलटा फिरायला बघतो. त्याला धरून ठेवते ती फक्त चिमट्याची खाच. साध्या सायकलची खाच या कामासाठी बनवलेलीच नसते. दगडावर आदळत गेलं की नट सैल होतो, ॲक्सल खाचेत फिरतो, मोटरची वायर पिळून तुटते आणि चाक बाहेर येतं. मोटर पुढच्या चाकात असेल तर स्वार थेट तोंडावर पडतो.

म्हणून मोटर शक्यतो मागच्या चाकात बसवा, आणि ॲक्सलला टॉर्क आर्म नावाची लोखंडी आधारपट्टी लावा. पट्टीचं एक टोक ॲक्सलवर बसतं, दुसरं फ्रेमला घट्ट बांधतात. कोणताही वेल्डर ती बनवून देईल. दर फेरीआधी नट आणि आरे तपासा.

दुसरी गोष्ट ब्रेक. वजन वाढलं, वेग वाढला आणि ब्रेक मात्र जुने रबराचेच राहिले, तर उतारावर काय होईल ते सांगायला नको. निदान पुढे डिस्क ब्रेक असावा. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर किटसोबत आले असतील तर ते डब्यात ठेवू नका, लावा. आणि हेल्मेट सायकललाही घाला. डोकं सायकलवरही तेच असतं.

पावसाळा आणि काळी माती

आपल्या भागातली काळी माती ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरेनासं होतं. अशा वेळी थ्रॉटल दिला तर अडकलेल्या मोटरमध्ये करंट वाढतो आणि कंट्रोलर जळू शकतो. उतरा, काडीने माती काढा, मग निघा. वायरींचे जोड खाली तोंड करून बांधा, म्हणजे पाणी आत साचत नाही. सायकल धुताना पाण्याचा जोराचा फवारा मोटरवर मारू नका.

आणखी एक. टेकड्यांवर सकाळी म्हातारी माणसं, बायका, मुलं चालायला येतात. ई-सायकलचा आवाज होत नाही, म्हणून घंटी वाजवा आणि वेग कमी करा. गौताळा औट्रमघाटसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय घुसू नका. लेणी आणि जुन्या वास्तूंच्या परिसरात चाकं नेऊ नका.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 2(यू) नुसार मोटरची तीस मिनिटांची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने ते तपासून मंजूर केलं असेल, तर अशी गाडी मोटार वाहनात मोडत नाही. ब्रेक आणि रात्री चमकणारे रिफ्लेक्टर हवेतच. या मर्यादेत लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही.

पण अनेक कंट्रोलरमध्ये वेगमर्यादेची एक छोटी वायर असते. ती काढली की सायकल 35-40 ने पळते. पोरांना हा मोठा पराक्रम वाटतो. कायद्याच्या नजरेत मात्र ती सायकल त्या क्षणी मोटार वाहन होते, आणि तेही नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं. चालवणारा 18 वर्षांखालचा असेल तर 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199(अ) नुसार पालकावर 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अपघातात कुणी जखमी झालं तर विमा कंपनी नसते, भरपाई घरातूनच द्यावी लागते. एका वायरपायी बापाला ठाण्याची पायरी चढायला लावू नका.

सर्वात महत्त्वाचं : बॅटरी आणि घर

3 एप्रिल 2024 ची पहाट हे शहर विसरलेलं नाही. छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, पोहोचला तो धूर. चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. आग कशानेही लागो, आपल्या जुन्या मोहल्ल्यांतल्या घरांची रचना तशीच आहे : खाली दुकान किंवा गाड्या, वर माणसं, आणि उतरायला एकच अरुंद जिना. लिथियम बॅटरी पेटली तर काही क्षणांत विषारी धूर सोडते, आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते.

म्हणून या गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावा :

- जिन्यात, दारात किंवा झोपायच्या खोलीत बॅटरी चार्ज करू नका. काढता येत असेल तर गच्चीवर सावलीत, फरशीवर ठेवून करा.
- रात्रभर चार्जिंग नको. 10 अँपिअर-अवरची बॅटरी 2 अँपिअरच्या चार्जरवर साधारण पाच-साडेपाच तासांत भरते. घरातलं कुणी जागं असतानाच लावा.
- फेरीवरून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या, मग चार्ज करा.
- चार्जर त्याच बॅटरीचा हवा. दहा सेलच्या 36 व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीला 42 व्होल्टचा चार्जर लागतो. 48 व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर 'बसतो' म्हणून लावू नका.
- भंगारातल्या लॅपटॉपचे सेल जोडून बॅटरी बनवू नका. जुने-नवे सेल एकत्र आले की एक आधी दम तोडतो आणि तोच तापतो.
- संरक्षण देणारं बीएमएस सर्किट आणि बॅटरीजवळ फ्यूज असल्याशिवाय वायर जोडू नका.
- बॅटरी फुगली, आदळली, भिजली किंवा तिला गोडसर वास येत असेल तर ती संपली असं समजा. कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.
- धूर दिसला तर सायकल वाचवायला जाऊ नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग 101 किंवा 112 ला फोन करा.

पोरांना रागवू नका, वाट दाखवा

पाण्याच्या जोरावर जातं फिरवणारी पाणचक्की ज्या शहराने जपली, त्या शहरातल्या पोरांना यंत्राची ओढ असणारच. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि आपल्या अनेक घरांची चूल त्या पट्ट्यातल्या कामावर पेटली. आता बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत एथर आणि टोयोटा किर्लोस्कर या कंपन्यांनी 2024 मध्ये प्रकल्प जाहीर केले आहेत. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. जो पोरगा आज मल्टिमीटर घेऊन व्होल्ट मोजतो, त्याला प्रवेशाच्या वेळी या ट्रेडची चौकशी करायला सांगा.

आमची सायकल आजही चालते. वेगमर्यादेची वायर जागेवर आहे, टॉर्क आर्म लावलेला आहे, आणि बॅटरी मगरिबच्या आधी गच्चीवरून खाली येते. तुमच्या घरात अशी सायकल असेल तर आज रात्री झोपण्याआधी एकदा बघा : तिचा चार्जर कुठे लावलेला आहे?